कोळशाने काढलेली खाण आणि आपली गोदावरी

गेवराईत बसून चंद्रपूरच्या चित्रकाराबद्दल का बोलायचं, ते आधी सांगतो. प्रभाकर पाचपुते हे सास्ती गावचे. तो मुलूख दगडी कोळशाच्या खाणींचा. त्यांच्या घरच्या पिढ्या खाणीत राबल्या. शिकले ते शिल्पकला, खैरागढ आणि बडोद्याला. पण ओळखले जातात भिंतीभर कोळशाने काढलेल्या चित्रांसाठी. 2021 साली वेल्समधला आर्टेस मुंडी पुरस्कार सहा कलावंतांना मिळून देण्यात आला, त्यात ते एक होते.

चित्रकाराचा कोळसा लाकडाचा, खाणीतला दगडी. तरी हात दोन्हीकडे काळेच होतात.

त्यांच्या चित्रांत माणसाच्या डोक्याच्या जागी कधी खाणीतला दिवा येतो, कधी यंत्राचा भाग. यंत्रानं माणूस गिळला, असा सोपा अर्थ काढता येईल. आम्हाला तो अपुरा वाटतो. कोळसापट्ट्यात ज्याची जमीन जाते, त्याच्याच घरात पुष्कळदा खाणीची नोकरी येते. जमीन गमावणारा आणि जमीन खणणारा एकच. म्हणून ते शरीर धड माणसाचं नाही, धड यंत्राचंही नाही.

आता आपल्याकडे बघा. 1976 साली पैठणचं जायकवाडी धरण झालं. उजवा कालवा आपल्या भागातून माजलगावकडे गेला, मागोमाग ऊस आला. धरणाखाली गोदेचं पात्र मात्र उघडं पडू लागलं, आणि त्यात वाळूसाठी ट्रॅक्टर उतरले. वाळू उपसली की काठच्या विहिरी खाली जातात, हे राक्षसभुवनच्या बाजूला कुणाला सांगावं लागत नाही. अन् ट्रॅक्टरवरचं पोरगं? तेही पुष्कळदा तसल्याच एखाद्या विहिरीवरच्या शेतकऱ्याचं.

पाचपुत्यांची चित्रं इथे आपली वाटतात ती यामुळे. पण एक तक्रार नोंदवतोच. ही चित्रं स्वप्नासारखी आहेत. राबणारा दिसतो, उकरलेली जमीन दिसते. ज्याच्या नावावर पैसा जमा होतो, तो सहसा दिसत नाही. सगळेच थोडे थोडे जबाबदार म्हटलं, की मोठा जबाबदार अलगद सुटतो. बघणारा हळहळतो आणि घरी जातो.

त्यांची भिंतीवरची कित्येक चित्रं प्रदर्शन संपल्यावर पुसली जातात. भिंत परत पांढरी करता येते. नदीत वाळू परत भरता येत नाही. आपल्या शाळेतल्या पोरांनी गोदेचं पात्र जरूर काढावं. त्यात ट्रॅक्टर काढावा, चालवणाराही काढावा. आणि ट्रॅक्टर कुणाचा, हेही काढावं.