खरेदी म्हणजे मत नव्हे

'व्हिडिओ गेम आवडला नाही तर विकत घेऊ नका, कंपनीला आपोआप समजेल,' असं सर्रास सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. विक्रीचा आकडा 'किती' ते सांगतो, 'का' ते सांगत नाही.

जालन्याला हे वेगळं सांगायला नको. महिको ही बियाणे कंपनी १९६४ साली इथेच उभी राहिली. २००२ मध्ये तिच्या बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि पुढे दुकानात दुसरं बियाणं मिळणंच अवघड झालं. मग शेतकऱ्यानं पाकीट घेतलं ते पसंतीनं की नाइलाजानं? पावतीवर ते लिहिलेलं नसतं.

गेमचंही तसंच. एखादा गेम पडला, तर प्रकाशक खुशाल म्हणेल, 'हा प्रकारच लोकांना नको.' याउलट २०१७ मध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' बाजारात येण्याच्या आदल्या दिवशी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं त्यातली जादा पैसे भरून खरेदी करायची सोय तात्पुरती बंद केली. रीतसर विक्री तेव्हा सुरूही झाली नव्हती; खेळाडूंचा जाहीर संताप मात्र पोचला होता.

म्हणून, घेऊ नका, जरूर. पण का घेत नाही, तेही बोला. गप्प गिऱ्हाइकाचा अर्थ कंपनी आपल्या सोयीनंच लावते.