साहायचे कोणी?

युनेस्को-मदनजीत सिंग पुरस्काराच्या नावात ‘टॉलरन्स’ आणि ‘अहिंसा’ जोडीने येतात. पहिल्या शब्दाचे मराठी आपण सवयीने ‘सहिष्णुता’ असे करतो. अनुवादक म्हणून मला ते खटकते. त्यात ‘साहणे’ आहे, पण साहायचे कोणी याचा उलगडा नाही.

गांधीजींच्या सव्वाशेव्या जयंतीच्या निमित्ताने हा पुरस्कार १९९५ साली सुरू झाला. १९९८ च्या मानकऱ्यांत नारायण देसाई होते. महादेवभाईंच्या या मुलाला तो मिळणे अपेक्षितच म्हणावे. २००४ ची निवड मात्र मराठी शब्दाला अडचणीत आणते. तस्लिमा नासरिन यांच्या ‘लज्जा’वर बांगलादेशात बंदी आली, त्यांना देश सोडावा लागला. इथे गौरव झाला तो जिला साहिले गेले नाही तिचा. परीक्षक नावापेक्षा शहाणे निघाले!

असाच पेच आपल्या तंजावरच्या भोसल्यांपर्यंत मागे जातो. प्रतापसिंहाच्या दरबारातील गणिका मुद्दुपळनी हिने ‘राधिका सांत्वनमु’ हे तेलुगू काव्य रचले. त्यात राधा सोसत नाही, रुसते. समजूत काढावी लागते ती कृष्णाला. बंगळूर नागरत्नम्मा यांनी १९१० मध्ये ते अखंड छापले. वीरेशलिंगम यांच्यासारख्या सुधारकाला ते अश्लील वाटले होते. लज्जा काय फक्त बायकांनाच असते, असा नागरत्नम्मांचा उलट सवाल होता. पुढल्याच वर्षी इंग्रज सरकारने पुस्तकावर बंदी घातली. ती उठायला १९४७ उजाडले.

याच नागरत्नम्मांनी तंजावरजवळ तिरुवैयारूला, कावेरीकाठी, त्यागराजांच्या समाधीवर स्वतःच्या कमाईतून मंदिर बांधले. तरी आराधना-उत्सवात पुरुषांचे दोन तट त्यांना समाधीपुढे गाऊ देईनात. त्यांनी उत्सव उधळला नाही, आणि गप्पही बसल्या नाहीत. बायकांचा तिसरा तट उभारून मंदिराच्या मागच्या बाजूला गाणे सुरू केले. १९४१ पासून तिन्ही उत्सव एक झाले, बायका समाधीपुढे गाऊ लागल्या.

याला अहिंसा खुशाल म्हणावे. सहिष्णुता म्हटले, तर ती नागरत्नम्मांची की तटवाल्यांची? ‘समावेश’ हा सरकारी शब्द मी घेणार नाही. त्यात यजमान पुन्हा तेच राहतात, आणि इथे तर मंदिरच तिने बांधलेले. पुरस्काराचे नाव रूढ आहे, ते राहो. नागरत्नम्मांविषयीच्या मजकुरात मात्र मी साधे ‘जागा घेणे’ लिहीन.