कंबोडियाचें गाणें

कंबोडियांत १९७५ ते १९७९ या काळांत ख्मेर रूज राजवटीनें असंख्य गायक-वादकांचा बळी घेतला. सिन सिसामुथ हा गायक व रोस सेरेसोथिया ही गायिका त्याच वेळीं नाहींशीं झालीं. तथापि त्यांचीं लोकप्रिय गाणीं तबकड्यांवर उरलीं. ‘चापेय’ या लांब दांडीच्या तंतुवाद्यावरील जुन्या कवनांचें तसें नव्हे. समोरचे श्रोते पाहून जागच्या जागीं कवन रचणें हाच त्या कलेचा प्राण होय. ध्वनिमुद्रण तिचें स्मारक होईल, जीवन नव्हे. युनेस्कोनें २०१६ सालीं तिला तातडीच्या संरक्षणाच्या यादींत घातलें. त्या संहारांतून वांचलेले अंध कलावंत कोंग नाय २०२४ सालीं निवर्तले. परंतु त्यांनीं शिष्य घडविले होते. यादींतील नांवापेक्षां त्या शिष्यांच्या कंठांतच या कलेचें आयुष्य आहे, असें आम्हांस वाटतें.