विद्यार्थ्यांची पसंती : वर्गाध्यापन व ऑनलाइन अध्ययनविषयक सर्वेक्षणांची चिकित्सा

प्रस्तावना :
मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील अध्यापन ऑनलाइन माध्यमातून सुरू झाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्यातील वर्ग पुन्हा भरू लागले. तेव्हापासून ‘वर्ग हवा की ऑनलाइन शिक्षण?’ हा सर्वेक्षणांचा आवडता विषय ठरला आहे. या प्रश्नास धोरणात्मक महत्त्वही आहे. ‘स्वयम्’ मंचावरून एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम पूर्ण करण्याची २०१६ मधील मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये ४० टक्क्यांपर्यंत वाढविली. म्हणूनच विद्यार्थ्यांची ‘पसंती’ कशी मोजली जाते, हे तपासणे आवश्यक ठरते.

पसंती कोणाची?
राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) देशात इंटरनेट सुविधा असलेली कुटुंबे शहरी भागात सुमारे ४२ टक्के, तर ग्रामीण भागात सुमारे १५ टक्के होती. ग्रामीण कुटुंबांत संगणकाचे प्रमाण ५ टक्क्यांहूनही कमी होते. त्यानंतर मोबाइलचा प्रसार झाला असला, तरी हातातील लहान पडदा म्हणजे अभ्यासाची जागा नव्हे. पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात कोथरूड येते, तसेच अकोले आणि सुरगाणाही येतात. ऑनलाइन प्रश्नावली ज्याच्यापर्यंत पोहोचत नाही, त्याचे मत निष्कर्षातून आपोआप गळते. संपर्काची ज्याला सर्वाधिक अडचण, त्याचाच आवाज नेमका अनुपस्थित राहतो.

पसंती की सोय?
अर्धवेळ नोकरी करणारा विद्यार्थी ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानास पसंती देतो, तेव्हा तो अध्यापनपद्धतीची नव्हे, तर वेळेची निवड करीत असतो. ही गरज खरी आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने अशाच शिक्षणार्थींचा विचार केला. याउलट, मराठवाड्यातून येऊन सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी महाविद्यालय म्हणजे ग्रंथालय, अभ्यासिका, सोबती आणि शंका विचारण्याचे ठिकाण असते. अनेक मुलींच्या बाबतीत तर वर्ग हेच घराबाहेर पडण्याचे समाजमान्य कारण असते. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हाही प्रश्न केवळ अक्षरओळखीचा नव्हता. सार्वजनिक जागेवरील हक्काचाही होता. ‘सहमत–असहमत’ अशा पर्यायांत हे मावत नाही.

पसंती आणि अध्ययननिष्पत्ती :
आवड आणि आकलन यांत अंतर असू शकते. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांविषयी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सक्रिय अध्ययनाच्या वर्गातील विद्यार्थी प्रत्यक्षात अधिक शिकले. मात्र आपण कमी शिकलो, असे त्यांना वाटले. सुबोध वाटणाऱ्या व्याख्यानाने समाधान मिळते, ज्ञान मिळतेच असे नाही. ही बाब ऑनलाइन व्याख्यानाइतकीच फळ्यासमोरील एकसुरी व्याख्यानासही लागू पडते. अध्यापकवर्गाने वर्गाची बाजू मांडताना हे विसरून चालणार नाही.

समारोप :
पसंतीचा प्रश्न विषयनिहाय, निवासनिहाय व लिंगनिहाय विचारला जावा, प्रश्नावली छापील स्वरूपातही द्यावी आणि उत्तरांची सांगड अध्ययननिष्पत्तीशी घालावी. अध्यापकांचा कार्यभार तासिकांवर मोजला जातो. ऑनलाइन हिस्सा वाढल्यास पहिली झळ तासिका तत्त्वावरील अध्यापकांना पोहोचेल. रिक्त पदे न भरण्याचे समर्थन विद्यार्थ्यांच्या ‘पसंती’तून शोधले जाऊ नये. ज्याच्यापुढे दोन्ही वाटा खुल्या आहेत, त्याच्याच निवडीस पसंती म्हणता येईल. इतरांच्या बाबतीत ती केवळ तडजोड ठरते.