दशकांच्या क्रमातून निसटलेले ग्रंथ

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांस अर्पण केला, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. दलित पँथरने १९७२ साली आपले नाव कोठून घेतले, हेही सर्वश्रुत आहे. परंतु ज्या लोकांशी आपण दीडशे वर्षे नाते सांगत आलो, त्यांचे साहित्य आपल्यापैकी कितीजणांनी मुळातून वाचले, हा प्रश्न स्वतःला विचारला तेव्हा आम्हांस खाली मान घालावी लागली. म. ना. वानखेडे आणि जनार्दन वाघमारे यांनी मराठीत करून दिलेल्या परिचयावरच आमची सारी भिस्त होती.

म्हणून गेल्या वर्षावासात, संत तुकाराम नगरातील विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे नित्याचे वाचन आटोपल्यावर, आम्ही काही उपासक-उपासिकांनी एक संकल्प केला. ब्लॅक साहित्यातील आठ ग्रंथ वाचावयाचे. एका दशकातला एकच. आणि क्रम प्रकाशनाच्या सालाप्रमाणे. हाती इंग्रजी प्रती होत्या. महाविद्यालयात शिकणारी मुले वाचून मराठीत अर्थ सांगत आणि पिंपरीच्या कारखान्यांतून निवृत्त झालेली वडीलधारी मंडळी ऐकत. पुढील विवेचन त्या बैठकांतून निघालेले आहे.

फ्रेडरिक डग्लस यांच्या १८४५च्या आत्मकथनापासून प्रारंभ झाला. श्रोते थबकले ते चाबकाच्या वर्णनांपाशी नव्हे, मजुरीच्या हिशेबापाशी. बाल्टिमोरच्या गोदीत जहाजाच्या फळ्यांच्या सांधी बुजविण्याचे काम डग्लस शिकतात, दिवसाला दीड डॉलरपर्यंत कमावतात आणि आठवडाअखेर सारी रक्कम मालकाच्या हाती ठेवतात. मालक कधी खूश होऊन सहा सेंट परत देई. त्या सहा सेंटांनी डग्लस सुखावत नसत. सर्व मजुरीवर आपलाच हक्क आहे याची ती मालकाने दिलेली कबुली आहे, असे त्यांना वाटे. या ठिकाणी बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही. पुढे उत्तरेच्या मुक्त राज्यात पोहोचल्यावरही गोरे कारागीर त्यांच्याबरोबर त्याच कामावर राहण्यास तयार होत नाहीत. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खाते अस्पृश्यांना बंद होते आणि १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी तो प्रश्न पुढे आणला होता, याची आठवण एका वृद्ध उपासकांनी करून दिली. अर्थात दोन्ही दास्ये एकच नव्हेत. गुलामाला मालमत्ता म्हणून तरी जपले जाई, अस्पृश्याला तेवढेही मोल नव्हते, असे बाबासाहेबांनी या तुलनेत दाखविले आहे; आणि तुलना करताना आमच्या समीक्षेने हे विसरता कामा नये.

डग्लस यांच्या पुस्तकाच्या आरंभी विल्यम लॉइड गॅरिसन आणि वेंडेल फिलिप्स या दोन गोऱ्या मुक्तिवाद्यांचे लेखन आहे. हे कथन खरे आहे आणि ते याच माणसाने लिहिले आहे, याची ग्वाही देणारे. गुलामाच्या शब्दाला गोऱ्याची जामीनकी हवी होती. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ला १९७२ साली विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होती, हे लगेच मनात येते. दोन्ही प्रकार सारखे नाहीत. तेंडुलकर कवीच्या बरोबर त्या वस्तीत हिंडले होते आणि आपले अज्ञान त्यांनी लपविले नाही. तरीही मध्यमवर्गीय वाचकाला त्या वस्तीत शिरण्यासाठी आपल्यातलाच एक वाटाड्या लागला, ही गोष्ट उरतेच. (आमची वसाहत ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या तुकोबांचे अभंग लिहिण्याचा अधिकार नाही म्हणून इंद्रायणीत बुडविले गेल्याची कथा येथून जवळच्याच देहूची. बाबासाहेबांनी ‘मूकनायक’च्या शिरोभागी त्यांचाच अभंग घेतला होता.)

दुसऱ्याच ग्रंथाने आमचा नियम अडचणीत आणला. हॅरिएट जेकब्स यांचे आत्मकथन १८६१ साली टोपणनावाने प्रसिद्ध झाले. मालकाच्या वासनेपासून सुटण्यासाठी ही स्त्री आजीच्या घराच्या माळ्यावर, जेथे ताठ उभेही राहता येत नव्हते, जवळजवळ सात वर्षे लपून राहिली. संपादन एका गोऱ्या लेखिकेने केले होते. म्हणून पुढे कित्येक अभ्यासकांनी हे पुस्तक तिचेच किंवा निव्वळ कल्पित मानले. जीन फॅगन येलिन यांनी पत्रे व कागदपत्रे तपासून १९८७च्या आवृत्तीत जेकब्स यांचे लेखकत्व निर्विवाद केले. मग हे पुस्तक कोणत्या दशकाचे? लिहिले गेले त्या की विश्वासले गेले त्या? आमच्या वहीत सालाचा एकच रकाना होता.

डू बॉइस यांच्या १९०३च्या ग्रंथावर येथे थोडक्यात लिहितो. बाबासाहेबांनी १९४६ साली त्यांना पत्र लिहून निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या, हे सर्वांना ठाऊक असल्याने मंडळी आदराने वाचत होती, आणि आदराने वाचलेल्या ग्रंथावर चर्चा कमी होते.

पुढचे वाचन झोरा नील हर्स्टन यांच्या १९३७च्या कादंबरीचे होते. रिचर्ड राइट यांनी त्याच वर्षी तिच्यावर कठोर टीका केली. गोऱ्या वाचकाला रुचेल असे हे चित्रण आहे, त्यात विचार नाही, असा तिचा रोख होता. राइट यांची ‘नेटिव्ह सन’ १९४० साली आली आणि गाजली. हर्स्टन १९६० साली दारिद्र्यात वारल्या, त्यांच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. १९७३ साली ॲलिस वॉकर यांनी तो बसविला. १९३१ साली लिहून झालेले त्यांचे ‘बाराकून’ तर २०१८ साली छापले गेले. राइट मोठे लेखक आहेत, ‘नेटिव्ह सन’ने बैठक हादरली, यात शंका नाही. पण त्यांचा हा निवाडा चुकीचा होता असे आमचे मत आहे. एका स्त्रीने आपल्या माणसांच्या बोलीत आपल्या सुखाचा शोध घेणे, हे त्यांना विद्रोहाच्या व्याख्येत बसविता आले नाही.

आणि राइट यांना बोल लावताना आम्ही स्वतःकडेही पाहावे. दलित साहित्याच्या समर्थनार्थ ब्लॅक साहित्याचे जे दाखले आमच्या वाचनात येत राहिले, त्यांत राइट, बाल्डविन, माल्कम एक्स वारंवार येतात. हर्स्टन किंवा जेकब्स यांची नावे क्वचितच. न्यायालयात साक्षीदार उभा करावा तसे आम्ही ब्लॅक साहित्य उभे केले. ते मुळातून वाचले असते, तर बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ घरच्यांपासून लपवून लिहिले या गोष्टीचे मोल आम्हांस अधिक लवकर कळले असते.

राल्फ एलिसन यांच्या १९५२च्या ‘इन्व्हिजिबल मॅन’मधील रंगाच्या कारखान्याने मात्र बैठक पुन्हा जागी केली. तेथे शुभ्र पांढरा रंग तयार करण्यासाठी प्रत्येक बादलीत काळ्या द्रवाचे दहा थेंब टाकून ढवळावे लागतात. तो रंग राष्ट्रीय स्मारकासाठी जातो. तळघरात एक वृद्ध कृष्णवर्णीय कारागीर आहे, त्याच्याशिवाय कारखान्यातून एक डबा बाहेर पडत नाही, आणि तो युनियनचा द्वेष करतो. युनियनवाले नायकाला मालकाचा हेर समजतात, म्हातारा त्याला युनियनचा माणूस समजतो. पेंट शॉपमध्ये आयुष्य काढलेल्या एका उपासकांना यात प्रतीक वगैरे काही दिसले नाही. ते म्हणाले, “असा माणूस आमच्या खात्यात होता. साहेब बदलत, तो बदलत नसे.”

बाल्डविन यांच्या १९६३च्या निबंधांनंतर शेवटी टोनी मॉरिसन यांची १९७०ची ‘द ब्लूएस्ट आय’ वाचली. निळे डोळे मिळावेत म्हणून झुरणाऱ्या आणि पित्याच्याच अत्याचाराला बळी पडणाऱ्या त्या मुलीची कथा मोठ्याने वाचणे मुलांना जड गेले. तेव्हा उपासिकांनी पुस्तक आपल्या हाती घेतले आणि दोन बैठका त्यांच्याच झाल्या. त्या बैठकांत काय बोलणे झाले, ते त्यांनी लिहावे अशी विनंती केली आहे.

येत्या वर्षावासात हाच क्रम मराठी दलित आत्मकथनांना लावून पाहावयाचा आहे. वहीत या वेळी दोन रकाने आखले आहेत : लिहिले ते साल आणि छापले ते साल. ‘जिणं आमुचं’च्या पुढे दुसऱ्या रकान्यात १९८६ लिहून झाले. पहिल्यात काय लिहावे, यावर आतापासूनच वाद सुरू आहे.