‘वेपन’ म्हंजे नेमकं कुणाच्या हातातलं?

आपल्या पोरांच्या कवितेची कुठलीही वही उघडा. चार पानांत एकदा तरी ‘शस्त्र’ सापडतंच. शब्द शस्त्र, लेखणी शस्त्र, अक्षर शस्त्र, आसूसुद्धा शस्त्र. भाषणात तर विचारूच नका. तिथं इंग्रजी येतं. शिक्षण हे आपलं ‘वेपन’ आहे म्हटलं की टाळ्या पडतात. टाळ्यांना माझी हरकत नाही. पण दोस्तहो, शब्द उचलला तर त्याचं वजनही ठाऊक पायजे. तलवार कशी धरायची हे न कळता मिरवणुकीत नाचवली तर आपल्याच माणसाला लागते.

इंग्रजीत दोन शब्द आहेत. एक ‘आर्म्स’, दुसरा ‘वेपन’. आपण दोघांनाही ‘शस्त्र’ म्हणून मोकळे होतो. खरं तर दोघांची घराणी वेगळी. ‘आर्म्स’ लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेनं इंग्रजीत आला. फौजेचा, सरकारचा, परवान्याचा शब्द. सरदार घराण्याच्या ढालीवरच्या चिन्हालाही हाच शब्द लावतात. ‘वेपन’ मात्र इंग्रजीच्या जुन्या घरातला. त्याला परवाना लागत नाही. दगड रस्त्यावर पडलाय तोवर दगड. उचलून मारला की वेपन. म्हंजे वस्तू बघून हे नाव पडत नाही, वापर बघून पडतं.

आणि वापर कुणी ठरवायचा? इथंच खरी मेख आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया ही इंग्रजांची वसाहत होती तेव्हा, 1680 साली, तिथं गुलामांचं बंड होऊ नये म्हणून कायदा झाला. काळ्या माणसानं बंदूक, तलवार तर सोडाच, सोटा किंवा काठीसुद्धा बाळगायची नाही. त्या कायद्याच्या यादीत काठी हे ‘वेपन’ आहे. गोऱ्या मालकाच्या हातात तीच काठी फिरायला जाण्याची. काठी एकच, हात बदलला की नाव बदललं.

आता आपल्याकडं या. 1878 साली इंग्रजांनी इथं आर्म्स ॲक्ट आणला. हत्यार बाळगायचं तर परवाना काढा. युरोपियनांना मात्र सूट. हा देशाचा अपमान आहे म्हणून काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतून ठराव झाले. अपमान होताच. पण 1892 च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा त्या अपमानासाठी कोण उभं राहिलं? आपलेच लोक. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी 1910 साली थेट भारतमंत्र्याकडं अर्ज धाडला, की आम्हाला लष्करात आणि पोलिसात घ्या. वरच्यांना ‘आर्म्स’ची बंदी 1878 साली कळली. आमच्या बापजाद्यांची बंदी त्याच्या कितीतरी आधीची, आणि ती कुठल्या गॅझेटात छापलेली नव्हती.

1959 चा आर्म्स ॲक्ट आजही चालू आहे. त्यात म्हटलंय की फक्त घरकामाच्या किंवा शेतीच्या वस्तू, उदाहरणार्थ लाठी, या ‘आर्म्स’मध्ये धरायच्या नाहीत. ठीक. पण रात्री वस्तीवर चालून येतात ते काय घेऊन येतात? हीच लाठी, हीच शेतातली कुऱ्हाड. तिथं ‘आर्म्स’ हा शब्द गप्प बसतो. तिथं कामाला येतो तो ‘वेपन’. जुन्या दंडविधानात 323 कलम साध्या मारहाणीचं होतं, जास्तीत जास्त एक वर्ष. घातक हत्यार आलं की 324, जास्तीत जास्त तीन वर्षं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. आकडे बदलून 115 आणि 118 झाले, फरक तोच राहिला. म्हंजे फिर्यादीत ‘लाथाबुक्क्यांनी मारलं’ एवढंच लिहिलं गेलं आणि कुऱ्हाड गळाली, तर आरोपीची दोन वर्षं तिथंच वाचली. एका शब्दाची किंमत ही अशी असते. कवितेत शंभर शस्त्रं आणि फिर्यादीत एक कुऱ्हाड नाही, असं चालायचं नाही.

आणखी एक. ॲट्रॉसिटी कायद्याचे 1995 चे नियम किती कार्यकर्त्यांनी वाचलेत? त्यातला तिसरा नियम अत्याचाराची भीती असलेल्या भागाबद्दल आहे. तिथं सवर्णांचे हत्यार-परवाने रद्द करावेत, बेकायदा बंदुका जप्त कराव्यात आणि गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना परवाने द्यावेत, असं सरकारनंच लिहून ठेवलंय. ‘आर्म्स’ हा शब्द आपल्या बाजूनं छापून आलाय. त्याच्यावर कविता सोडा, निवेदन तरी किती निघाली?

आता बाबासाहेबांकडं येऊ. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि शेवटी न झालेलं ते भाषण त्यांनी 1936 साली स्वतः छापलं. त्यात खालच्या वर्गांना बंड का करता आलं नाही हे सांगताना ते ‘आर्म्स’ म्हणतात, कारण तिथं खरोखरच्या हत्यारबंदीची गोष्ट आहे. पुढं युरोपातल्या दुबळ्यांशी तुलना करताना ते शारीरिक, राजकीय आणि नैतिक अशी तीन साधनं मोजतात. लष्करात जाण्याची मोकळीक हे पहिलं, शिक्षण हे तिसरं. तिथं त्यांचा शब्द आहे ‘वेपन’. चातुर्वर्ण्यानं इथल्या बहुजनांना ही तिन्ही नाकारली, हा त्यांचा मुद्दा.

शिक्षणाला वेपन का म्हटलं, ते इथं कळतं. शिक्षण छान असतं म्हणून नव्हे. समोरच्यानं ते आपल्याला मिळू दिलं नाही म्हणून. आपण याला कसोटी करू. जे आपल्या हातात येऊ नये म्हणून समोरचा कायदा करतो, रूढी घालतो, अंगावर धावून येतो, ते वेपन. या कसोटीवर आपल्या ‘शब्द हे शस्त्र’वाल्या कविता घासून बघा. ज्या कवितेला प्रस्थापितांच्या मैफलीत सुखानं खुर्ची मिळते, ती कुणाला बोचत नसेल तर तिला शस्त्र म्हणू नका. तो दसऱ्याला शेंदूर लावून भिंतीवर टांगलेला खंजीर झाला.

आणि ‘शस्त्र’ तरी कशाला? आपल्या आयाबायांच्या, कामगारांच्या तोंडात ‘हत्यार’ आहे. चांभाराची रापी हत्यार, सुताराची पटाशी हत्यार. इंग्रजीनं ‘टूल’ आणि ‘वेपन’ असे दोन वाटे केले. मराठीत पोट भरणारं आणि जीव वाचवणारं एकाच शब्दात राहतं. हत्याराला रोज धार लावावी लागते. ते ज्याचं त्याला वापरता यावं लागतं.

तेव्हा पुढच्या वेळी ‘शस्त्र’ लिहिताना थांबा. कुणाविरुद्ध, कुणाच्या हातात, आणि ते कोण हिसकावून घेतोय, हे सांगता येत नसेल तर तो शब्द खोडा. आणि वस्तीत मारहाण झाली तर ठाण्यावर सोबत जा, फिर्याद सही करण्याआधी मोठ्यानं वाचायला लावा, आणि कुऱ्हाड लिहिलीय का ते बघा.