लोअर परळ की अपर वरळी?

मुंबईतील लोअर परळ या भागास घरविक्रीच्या जाहिरातींतून ‘अपर वरळी’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. नाव इंग्रजी, म्हणून त्याज्य, हा आक्षेप टिकणारा नाही. रेल्वेस्थानकाच्या पाटीवरील ‘लोअर परळ’ही अर्धे इंग्रजीच. खरा दोष अर्थाचा आहे. ‘लोअर’ हे पद स्थलवाचक होते. विक्रेत्याने ते प्रतिष्ठावाचक मानले आणि कल्पित कमीपणा पुसण्यासाठी ‘अपर’ आणले. वस्तुतः अठराव्या शतकात हॉर्नबीचा बांध घातला जाण्यापूर्वी भरतीचे पाणी ज्या सखल पट्ट्यात शिरे, त्याच्या लगतची ही वस्ती. वरळीची टेकडी तिच्याहून उंच. तेव्हा ‘अपर’ म्हणजे कशाच्या वर, हे भूगोलास विचारून कळत नाही, दरपत्रकास विचारावे लागते!

याच परिसरास लोकांनी दिलेले ‘गिरणगाव’ हे नाव पाहावे. त्यात काम आणि वस्ती दोन्ही आहेत. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, तरी चाळींतील कुटुंबे सर्वस्वी गेली नाहीत. नव्या नावात मात्र त्यांना जागा नाही. ते केवळ येणाऱ्यासाठी रचलेले आहे. जुने रहिवासी, ना. म. जोशी मार्ग असे नामांतर होऊन इतकी वर्षे लोटली तरी, बोलताना ‘डिलाईल रोड’च म्हणतात.